धाकाची वाटणी

मुलांशी कडक वागावे की त्यांना मोकळे सोडावे, हा प्रश्न सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत आई-बापापुढे आजच्यासारखा उभा राहत नसे. कडक कोणी व्हायचे आणि पाठीशी कोणी घालायचे, हे घरात आधीच वाटून दिलेले असे. बापाने डोळे वटारायचे, चुलत्याने कान पिळायचा, आईने दोघांच्या मधे पडायचे आणि आजीने "असू दे रं, ल्हान हाय त्यो अजून" म्हणत पोराला पदराआड घ्यायचे. सुट्टीत मामाच्या गावाला गेले की सगळेच माफ. मार आणि माया एकाच दिवशी वाट्याला येत, पण दोन निराळ्या माणसांच्या हातून. त्यामुळे मार देणारा दुष्ट ठरत नसे आणि लाड करणारा पोराला बिघडवतो असेही फारसे कोणी म्हणत नसे.

हे पुस्तक त्या वाटणीबद्दल आहे. ती कशी चालत होती, कोणाला फळली, कोणाला जाचली, आणि घरे लहान झाल्यावर ती मोडली तेव्हा काय झाले, हे पुढच्या पानांत येईल. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा बराचसा भाग १९४९ पर्यंत एकाच जिल्ह्यात होता. त्या साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठचे ऊस-हळदीचे गाव असो, पाटणच्या डोंगरातली वाडी असो की खानापूर-आटपाडीचा कोरडा माळ असो, पोर वाढवण्याची रीत सगळीकडे ओळखीचीच वाटते.

या विषयावरचा आजचा जागतिक वाद पेटला तो २०११ च्या जानेवारीत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या एमी चुआ यांचे 'बॅटल हिम ऑफ द टायगर मदर' हे पुस्तक तेव्हा आले. चिनी वंशाच्या या आईने आपल्या दोन मुलींना मैत्रिणींकडे मुक्कामाला जाऊ दिले नाही, टीव्हीला परवानगी दिली नाही, 'ए'पेक्षा खालची श्रेणी चालवून घेतली नाही आणि पियानो-व्हायोलिनचा सराव तासन्‌तास करून घेतला. चिनी आई कडक, पाश्चात्त्य आई सैल, आणि म्हणून चिनी मुले पुढे, असा बोभाटा झाला. धाकटी मुलगी तेरा वर्षांची असताना मॉस्कोतल्या एका कॅफेत पेला फोडते, आईशी उभा दावा मांडते आणि शेवटी आईच माघार घेते, मुलगी व्हायोलिन मागे टाकून टेनिस धरते, हा त्याच पुस्तकातला उत्तरार्ध. तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. पालक-सभांमधून आणि शिकवणीच्या वर्गांमधून वाघीण तेवढी ऐकू येते, तिची माघार ऐकू येत नाही.

अभ्यासकांची मोजपट्टी त्याहून जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांचे तीन प्रकार मांडले: हुकूम सोडणारे, सगळे चालवून घेणारे, आणि तिसरे जे नियम ठाम ठेवतात पण मुलाचे ऐकतात आणि नियमामागचे कारणही सांगतात. मुलांच्या हिताचा त्यांनी हा तिसरा मानला. पुढे १९९४ साली रूथ चाओ यांनी हरकत घेतली. चिनी आया या पट्टीवर हुकूमशहा ठरतात, पण त्यांच्या कडकपणात मुलाला घडवण्यासाठी स्वतः रात्रंदिवस राबणेही असते आणि पट्टीला ते राबणे मोजताच येत नाही, असे त्यांचे म्हणणे. २०१३ साली टेक्सास विद्यापीठातल्या सू यंग किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनी वंशाच्या ४४४ अमेरिकी कुटुंबांचा अनेक वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वाघीणछाप पालक कमीच निघाले. बहुतेक आई-बाप आधार देणारे होते, आणि अभ्यासात व मनाच्या स्वास्थ्यात त्यांचीच मुले सरस ठरली. वाघिणीच्या पिल्लांचे गुण तुलनेने कमी आणि उदासी जास्त, असे आकडे सांगत होते.

खुद्द चीनचे सरकारही आता मुलांवरचा भार कमी करू पाहते आहे. २०२१ च्या जुलैमध्ये तिथे शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आले. इकडे मात्र चिनी कडकपणाचे कौतुक संपलेले नाही.

पाश्चात्त्य म्हणजे सैल, हेही एक अपुरे चित्र. साताऱ्याच्या माणसाने तर ते मान्यच करू नये, कारण पश्चिमेची छडी त्याने आपल्याच डोंगरावर पाहिली आहे. पाचगणी इंग्रजांनी वसवली आणि तिथल्या निवासी शाळा इंग्लंडच्या नमुन्यावर उभ्या राहिल्या: घंटेवर उठणे, घंटेवर जेवणे, घरी पत्र लिहिण्याचाही वार ठरलेला. झांझिबारमध्ये राहणाऱ्या पारशी आई-बापांनी आठ वर्षांच्या फारुख बलसाराला बोटीने इतक्या दूर धाडले ते अशाच एका शाळेत. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढलेला हा मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला ठाऊक झाला. मुलाला मारणे कायद्याने बंद करणारा जगातला पहिला देश स्वीडन, आणि ते साल १९७९. पश्चिमेचे मोकळेपण इतके अलीकडचे आहे.

आपल्या मातीतली उदाहरणे घ्यायची तर पहिले थेट सातारा शहरात भेटते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर हा मुलगा साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाला. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आई भीमाबाई १८९६ मध्ये साताऱ्यातच वारली होती. वडील सुभेदार रामजी सैन्यातल्या शाळेत मुख्याध्यापक राहिलेले, अभ्यासाच्या बाबतीत करडे. नोकरीपायी ते दुष्काळी कामावर खटाव तालुक्यात, आणि पोरे साताऱ्यात आत्या मीराबाईंजवळ. धाक दूर आणि माया जवळ, असे हे घर होते.

या घरातला एक प्रसंग बाबासाहेबांच्या चरित्रात आला आहे. वडिलांनी दुसरे लग्न केल्यावर मुलगा मनातून दुखावला. मुंबईला पळून जायचे, गिरणीत काम धरायचे आणि कोणाच्या जिवावर राहायचे नाही, असे त्याने ठरवले. गाडीभाड्यासाठी पैसे हवेत. आत्या शेजारीच झोपायची आणि पैशाची पिशवी कमरेला खोचलेली असायची. तीन रात्री त्याने ती काढायचा प्रयत्न केला, जमले नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती आली आणि तिच्यात निघाला अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याने मुलाची शरम आणि जिद्द दोन्ही जागी केली. आता लवकर शिकून स्वतःच्या पायावर उभे राहायचे असा निश्चय त्याने तिथे केला. यात कोणी मारले नाही, कोणी समजावलेही नाही. मायेच्या माणसाची पिशवी रिकामी आहे हे पोराला स्वतःच्या हाताने कळले.

पुढे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले, आणि मग सुभेदारांचा करडेपणा कसा होता ते दिसते. जागा इतकी अपुरी की बाप मुलाला लवकर निजायला लावी, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागा राही, दोनला मुलाला अभ्यासाला उठवी आणि त्याच्या जागी स्वतः निजे. अभ्यासक्रमाबाहेरची पुस्तके वाचलेली त्यांना आवडत नसत, पण मुलाने पुस्तक मागितले की लग्न झालेल्या लेकींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणत, गहाण ठेवत आणि पुस्तक आणून देत. या माणसाला बॉमरिंडबाईंच्या कोणत्या रकान्यात घालायचे? हुकूम होता, पण हुकूम सोडणाऱ्याच्या डोळ्यांत मुलाइतकेच जागरण होते. रूथ चाओ जे मोजता येत नाही म्हणत होत्या ते हेच.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. तिथली शिस्त आजच्या पालकाला सोसवणार नाही. खडी फोडायची, शेतात राबायचे, स्वयंपाक करायचा, झाडलोट करायची, आणि मग वर्गात बसायचे. मराठा, महार, मुसलमान, जैन, सगळी पोरे एका पंगतीत. जातीचा तोरा मिरवणाऱ्याची गय नव्हती. आणि याच बोर्डिंगात, अण्णा, म्हणजे भाऊराव, बाहेरगावी असताना धान्य संपले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या पोटासाठी मंगळसूत्र गहाण टाकले. त्याआधी अंगावरचे इतर दागिने गेलेच होते. सातारकरांनी त्यांना रयतमाउली म्हटले. १९३० साली त्या गेल्या. धाकाची आणि मायेची वाटणी इथेही होती, फक्त घर शेकडो पोरांचे होते.

अण्णांच्या स्वतःच्या पोरवयाकडे पाहिले तर आज्ञाधारकपणाबद्दलचे आपले समज हलतात. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो, असे सांगण्यात आले. त्यांनी ती आंघोळ केली नाही आणि बोर्डिंगातून त्यांची हकालपट्टी झाली. शिस्तीसाठी पुढे नाव काढलेला माणूस विद्यार्थी असताना नियम मोडून बाहेर पडला होता. एवढा कडक माणूस, पण स्वतःच्या बोर्डिंगात शिस्त लावताना हा नियम कशासाठी हे त्याने कधी नजरेआड होऊ दिले नाही, याचे मूळ मला त्या हकालपट्टीत दिसते.

वस्तादाची तालीम हीही याच कुळातली. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना पहिले धडे दिले ते पहिलवान असलेल्या वडिलांनी, आणि १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले. तालमीत पोरांनी पहाटे उठायचे असेल तर वस्ताद त्यांच्या आधी उठलेला असतो.

आता त्या घरांकडे येऊ, जिथे बाप वर्षातले बरेच महिने नसतोच. अपशिंगे गावाच्या नावापुढे मिलिटरी हा शब्द कायमचा लागला, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात निघाली. फौजी बाप सुट्टीवर येतो तेव्हा घराचे रूप पालटते. पहिले दोन दिवस ट्रंकेतल्या खाऊचे. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला पांघरूण ओढले जाते, बूट ओळीत लागतात, प्रगतिपुस्तक मागितले जाते. पोरे आईकडे पाहतात आणि आई डोळ्यांनीच सांगते, थोडे दिवस कळ काढा. वर्षभर तिने स्वतःच्या हिमतीवर चालवलेल्या घरात हा धाक पाहुण्यासारखा येतो. आणि तो गेला की पोरांना सुटल्यासारखे वाटते, त्या वाटण्याचे वाईटही वाटते.

पाटण-जावळीच्या खोऱ्यातले बाप मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत, पुढे माथाडी कामात. तिथला धाक मनीऑर्डरच्या खालच्या चार ओळींतून यायचा: पोराला शाळेत धाडणे, उनाडक्या करू देऊ नये. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगली. विट्याच्या आसपासच्या कितीतरी गावांत आई-बाप गलाईसाठी तमिळनाडूत किंवा केरळात, आणि पोर गावात आजोबा-आजीजवळ. चीनशी तुलना करायचीच असेल तर ती येलमधल्या पियानो वाजणाऱ्या घराशी का करावी? खरी तुलना सिचुआन, आनह्वी, हनान या प्रांतांतल्या खेड्यांशी आहे. तिथले आई-बाप शहरांतल्या कारखान्यांत गेले आणि पोरे आजी-आजोबांजवळ राहिली. २०१३ साली चीनमधल्या अखिल चीन महिला महासंघाने अशा मागे राहिलेल्या मुलांची संख्या सहा कोटींहून जास्त सांगितली होती. विट्याची आजी आणि सिचुआनची आजी यांची भेट झाली तर नातवाच्या मोबाइलबद्दल, फोनवर ओरडणाऱ्या लेकाबद्दल आणि आपल्या ढिल्या पडलेल्या वचकाबद्दल त्या रात्रभर बोलत बसतील.

या वाटणीत सगळे गोडच होते असे मी म्हणणार नाही. ती लेकीला आणि लेकाला सारखी नव्हती. लेकाला आजीचा पदर मिळे, लेकीला बऱ्याचदा तीच आजी सर्वांत कडक असे. कोणाशी बोलली, किती वाजता आली, ओढणी नीट का नाही. बापाचा मार वयात आल्यावर थांबे, पण ही नजर लग्न होईपर्यंत थांबत नसे, नंतर फक्त घर बदले. ज्या पोरींना बाप मोकळा मिळाला त्या आजही ते उपकार मानावेत तसे सांगतात. मोकळा बाप हा हक्काचा नसून नशिबाचा भाग होता, हे त्या सांगण्यातून कळते आणि ते मला खुपते. आणि मार हा मारच होता. कासऱ्याचे वळ पाठीवर उठलेली मुले घर सोडून पळाली, काही परत आली नाहीत. त्यांच्या हकिगतींना आपण गावगप्पांतली गंमत करून टाकले.

तरीही एक गोष्ट त्या घरात होती जी आता राहिली नाही. बापाचा उगारलेला हात धरणारे कोणीतरी त्याच घरात होते, आणि त्या माणसाचा मान बापापेक्षा मोठा होता. "बास म्हणते न्हवं!" एवढे आजीने म्हटले की हात खाली यायचा. आज कराड, इस्लामपूर, सांगलीच्या फ्लॅटमध्ये दोन पालक, एक किंवा दोन मुले. हुकूमही त्यांनीच द्यायचा, जवळही त्यांनीच घ्यायचे, फी भरायची, मोबाइल काढून घ्यायचा, आणि रात्री पुन्हा समजूतही घालायची. एकाच माणसाने दोन्ही सोंगे घ्यायची तर एक तरी खोटे वाटू लागते. मग आई-बाप भीतीच्या बाजूला झुकतात, कारण स्पर्धा खरी आहे. शेती तुकड्यांत गेली, नोकऱ्या आटल्या, आणि नीट-जेईईच्या गुणांवर घराची पुढची पिढी टांगलेली आहे असे त्यांना मनापासून वाटते. त्यांना लोभी म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. स्वतः दुष्काळात वाढलेला बाप पोराच्या निकालाकडे पाहतो तेव्हा त्याला गुणपत्रिकेत आपलाच जुना उन्हाळा दिसतो.

पण या भीतीने जीवही घेतला आहे. २०२५ साली सांगली जिल्ह्यात सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून बापाच्या मारात एका मुलीचा मृत्यू झाला. ही बातमी वाचून जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत त्या रात्री जेवण गेले नसेल, आणि कितीतरी बापांना स्वतःचा हात आठवला असेल. हे पुस्तक तिच्यासारख्या मुलींचे देणे लागते. शाळेत मारण्याला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे. घरात मुलावर क्रौर्य करणाऱ्यालाही २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७५व्या कलमाखाली शिक्षा होऊ शकते. पण कायदा येतो तो घडून गेल्यावर. हात वर असतानाच तो धरणारे माणूस त्या खोलीत लागते.

भीतीशिवाय शिस्त लावण्याचा एक निराळा मार्ग साताऱ्याच्याच फलटणमध्ये दिसतो. अमेरिकेतून भाषेच्या अभ्यासासाठी आलेल्या मॅक्सीन बर्नसन इथेच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था, १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांनी सुरू केली. शाळा मराठी माध्यमाची आहे. मुलांना तिथे भीती दाखवली जात नाही, आणि वाचन-लेखन मात्र पायरी-पायरीने, नेमकेपणाने शिकवले जाते. न येणाऱ्या मुलाला 'राहू दे' म्हणून सोडून दिले जात नाही. पश्चिमेतून आलेल्या बाईने फलटणच्या पोरांना सैल सोडले नाही, आणि पोरांवर हातही उगारू दिला नाही. बॉमरिंडबाईंचा तिसरा प्रकार पाहायचा असेल तर बर्कलीपर्यंत जायची गरज नाही. सैल वागणूक आणि मारहाण यांच्यामधली ही वाट पालकांना ठाऊक नसते असे नाही. रोज सात तास, वर्षानुवर्षे तिच्यावर चालायला जी माणसे लागतात, ती एका फ्लॅटमध्ये भरत नाहीत.

म्हणूनच पालकत्वावरच्या या पुस्तकात पालकांपेक्षा इतर माणसे जास्त दिसली तर वाचकांनी नवल करू नये. शिक्षक, वस्ताद, वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशी, शिकवणीहून परतणाऱ्या पोराला दारात थांबवून जेवलास का विचारणारी शेजारीण, फोनवरून बहिणीच्या नवऱ्याला गप्प करणारा मामा, ही सगळी माणसे पुढच्या पानांत वारंवार येतात. पूर्वी जे काम घरातल्या घरात वाटले जात होते, त्यातला मोठा वाटा आता घराबाहेरची ही माणसे उचलत आहेत, आणि बहुतेकांना ते आपले काम आहे असे कोणी सांगितलेले नाही.